नोकरीचा फॉर्म आणि जुना खटला

आम्ही कपडा बाजारातील लोक माणूस कामावर ठेवताना ओळखीच्या दोघांना विचारतो. सरकारी नोकरीत पडताळणीचा फॉर्म असतो. कधी अटक झाली होती का, खटला चालला का, शिक्षा झाली का, असे त्यात विचारतात. निर्दोष सुटलेले नौजवानही भीतीपोटी तेथे ‘नाही’ लिहितात. पुढे पोलीस ठाण्यातील नोंद निघते आणि हातची नोकरी खटल्यापायी नव्हे, तर लपविण्यापायी जाते.

सुप्रीम कोर्टाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग प्रकरणात याविषयी नियम घालून दिले. माहिती खरीच द्यावी. मात्र जे स्पष्ट विचारले आहे तेवढेच सांगणे बंधनकारक आहे. तरुणपणी घोषणा दिल्यासारखे किरकोळ प्रकरण लपविले असेल, तर नोकरी देणारा ते माफ करू शकतो. पण खरे सांगितले म्हणजे नोकरी पक्की, असेही नाही. गंभीर आरोपातून केवळ संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याची मागील वर्तणूक तो पाहू शकतो.

तेव्हा निकालाची प्रमाणित नक्कल काढून जपून ठेवावी आणि फॉर्म वकिलास दाखवूनच भरावा.

आम्हा व्यापाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावे. थकलेल्या मजुरीसाठी जुन्या मालकावर दावा लावणाऱ्या कारागिरास ‘भांडखोर’ म्हणून परत पाठवू नये. मजुरी वेळेवर चुकती करण्याची ताकीद आपल्या दीनमध्येच आहे. हक्क मागणे हा गुन्हा नव्हे.