कार्ड निघालं, गोळीचं काय?

‘साहेब, आजोबांचं पाच लाखांचं कार्ड आहे, मग मेडिकलमधून आणलेल्या बीपीच्या गोळ्यांचं बिल त्यावर का होत नाही?’ नांदेड-लातूरकडच्या सरकारी दवाखान्यांत हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. रेशनकार्डाचा रंग आणि उत्पन्न कुणी विचारत नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. घराचं आधीच आयुष्मान कार्ड असलं, तरी ज्येष्ठांचे ५ लाख वेगळे राहतात. जुना मधुमेह किंवा हृदयविकार असला तरी अडत नाही. निवृत्त केंद्रीय कर्मचारी आणि माजी सैनिकांना मात्र आपली योजना किंवा ही, यांतली एक निवडावी लागते.

कागद लागतो तो फक्त आधारचा, आणि खरी अडचण तिथेच आहे. ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी मी आईच्या कडेवर होतो’ म्हणणारे आजोबा आधारवर ६८ वर्षांचे निघतात! पुरावा घेऊन आधार केंद्रावर वय आधी दुरुस्त करून घ्या. आजारपणात हे जमत नाही. शेतात राबून बोटांचे ठसे उठत नसतील, तर मोबाइलवरचा ओटीपी किंवा चेहऱ्याची ओळख चालते.

आता गोळ्यांचं. हे कार्ड दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे, तेही योजनेतल्या रुग्णालयात. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवस त्यात धरतात. रोजची ओपीडी त्यात येत नाही. बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत मिळतात. पण ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद होते. बीपी वाढलेला कळत नाही, हीच त्याची खोड. मग एका सकाळी तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, बोबडी वळते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि किनवट-माहूरहून नांदेड गाठेपर्यंत त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. अशा वेळी मालिश नको, चहा पाजणं नको. १०८ लावा आणि पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

दुसरा शत्रू गुडघेदुखीची गोळी. दुकानातून मागून महिनोन्‌महिने घेतली, की मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. डायलिसिस कार्डावर होतं हे खरं, पण त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठावं लागतं. मीठही मोजा: दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, तोही लोणचं-पापड धरून.

शस्त्रक्रिया ठरली, की अनामत भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि नेमकी हीच शस्त्रक्रिया इथे योजनेत होते का, ते विचारा. कुणी वरचे पैसे मागितले तर १४५५५ वर फोन करा.