ट्रंकेतली सात पुस्तके

भाऊबीजेला बहिणीच्या ताटात काय घालावे, हा प्रश्न मला गेली चार वर्षे पडलेला नाही. मी ताईच्या ताटात एक पुस्तक ठेवतो आणि तीही मला उलट एक पुस्तकच देते. पुस्तक नवे नसते. पाने पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेले आणि वर एखाद्या अग्निबाणाचे भडक चित्र! पहिल्या वर्षी ते पाहून ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझा भाऊ मराठीचा प्रोफेसर ना? मग हे काय आणलंय त्यानं?"

प्रश्न रास्त होता. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. विज्ञानकथा म्हणजे पोरासोरांचे वाचन, असे माझे कित्येक वर्षे ठाम मत होते आणि ते मी वर्गात ऐटीत बोलूनही दाखवीत असे. वास्तविक मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' असे टोपणनाव घेऊन 'कृष्णविवर' ही कथा पाठवली नि पहिले बक्षीस मिळवले, हे मला ठाऊक होते. पुढे २०२१ साली तेच नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हेही ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि पुस्तक उघडून वाचणे निराळे!

माझे मत बदलले ते बाबांच्या ट्रंकेमुळे. बाबा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. डोंबिवलीहून रोज सकाळी ठरलेली लोकल, संध्याकाळी ठरलेली लोकल. पगाराच्या दिवशी मात्र फोर्टच्या फुटपाथवरल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते अर्धा तास डोके घालीत आणि एखादे इंग्रजी पुस्तक पिशवीत टाकून घरी येत. पहिल्या पानावर पेन्सिलीने तारीख आणि किंमत लिहिली, की ते पुस्तक घरचे झाले. आई म्हणे, "यापेक्षा दोन वाट्या आल्या असत्या." बाबा नुसते हसत.

रात्री जेवणे झाल्यावर आम्हां तिघां भावंडांना ते त्यातली गोष्ट सांगत. आर्थर क्लार्कच्या 'रॉंदेव्हू विथ रामा'मधले ते पन्नास किलोमीटर लांबीचे प्रचंड नळकांडे आमच्या डोक्यात शिरेना. तेव्हा त्यांनी ड्रॉइंगचा कागद गुंडाळला आणि आत बोट फिरवून दाखवले. "माणसं इथं आतल्या बाजूला चालतात. अन् समुद्र आहे तो असा, कंबरपट्ट्यासारखा!" धाकटा श्री तेव्हा पाच वर्षांचा होता. "मग वरचं पाणी खालच्यांच्या डोक्यावर पडत नाही?" असे त्याने विचारले. त्या एका प्रश्नासाठी बाबांनी वाटीत पाणी घेऊन, हात गरागरा फिरवून, सगळी जमीन भिजवली होती. श्री पुढे इंजिनियर झाला, त्याचे मूळ मला त्या वाटीत दिसते.

२०१८ साली बाबा गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. दोन वर्षांनी आमची इमारत पाडून नवी बांधायचे ठरले. ताई ठाण्याला, श्री पुण्याला. जवळ राहणारा मीच, म्हणून घर आवरायचे काम माझ्याकडे आले. आठ दिवस मी भांडी, गाद्या, कागद उपसत होतो. त्यानंतरच्या भाऊबीजेला श्री आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. फोन केला तर "कामात आहे दादा" एवढेच. मी मनाशी निदान करून टाकले, की जागेच्या पैशांवरून याचे बिनसले असणार. माणूस दुसऱ्याच्या रागाचे कारण शोधू लागला, की सर्वांत हलके कारण त्याला आधी सापडते!

ट्रंक तेवढी मी घरी आणली होती. तिच्यात सात कादंबऱ्या निघाल्या. २०२१च्या दिवाळीत ताईने त्या चाळून पाहिल्या आणि म्हणाली, "अरे, या सगळ्या बक्षीस मिळालेल्या आहेत. चल, वाचूया दोघं. एक संपली की रविवारी फोनवर बोलायचं. अन् पुरी वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

बक्षीस कसले, ते मी शोधून काढले. ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या गृहस्थांनी १९२६ साली अमेरिकेत फक्त अशाच कथांना वाहिलेले मासिक काढले. त्यांच्या नावाचे हे ह्यूगो पारितोषिक, १९५३ साली फिलाडेल्फियाच्या संमेलनात प्रथम दिले गेले. गंमत अशी, की याला परीक्षक नसतात. संमेलनाचे सभासद म्हणजे वाचकच मते देतात. नेब्युला हे दुसरे पारितोषिक लेखक मंडळी देतात. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'ला दोन्ही मिळाली. तीच 'ड्यून' वीसहून अधिक प्रकाशकांनी परत केली होती आणि अखेर छापली ती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका प्रकाशनाने! हस्तलिखित परत आलेल्या माझ्या कविमित्रांना मी ही हकीकत आवर्जून सांगतो.

पहिली पाळी आली आल्फ्रेड बेस्टरच्या 'द डिमॉलिश्ड मॅन'ची. पहिले ह्यूगो हिलाच मिळाले. दुसऱ्याच्या मनातले वाचणारे लोक ज्या जगात राजरोस वावरतात, तिथे खून करून कोणी निसटेल काय, असा पेच आहे. ताई बँकेत अधिकारी. ती म्हणाली, "असा एक माणूस आमच्या कर्जाच्या टेबलावर हवा होता. जामीन नको, कागद नकोत." थोड्या वेळाने म्हणाली, "नको पण. घरी आल्यावर त्याच्यासमोर जेवायचं कसं?"

अर्सुला ले ग्विनच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'वर मात्र आमचे तीन रविवार गेले. १९६९ची ही कादंबरी. तीत एका गोठलेल्या ग्रहावरची माणसे ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले थोडे दिवस ती एक किंवा दुसरे होतात. तिथला राजाही गरोदर राहतो. लेखिकेने या सर्वांना इंग्रजीतले पुरुषवाचक सर्वनाम लावले आणि पुढे ते तिचे तिलाच खटकले. मी म्हटले, "मराठीत हे कसं आणायचं? आपल्याकडे क्रियापदालाच लिंग चिकटलेलं. 'मी गेलो' म्हटलं की पुरुष, 'मी गेले' म्हटलं की बाई."

"नपुंसकलिंग आहे की! 'ते आलं' म्हणावं."

"ते आपण तान्ह्या मुलाला म्हणतो, नाही तर पिल्लाला. पंतप्रधानाला कसं म्हणायचं?"

"मग 'ते आले' म्हण."

"तो आदरार्थी पुरुष झाला!"

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न मी बी.ए.च्या वर्गाला घातला. घंटा झाली तरी मुले उठली नाहीत. वीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे, पण असा तास क्वचित रंगला असेल.

आणि मग आली वॉल्टर मिलरची 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ', १९६१ सालची ह्यूगोविजेती. मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर होता. इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या प्राचीन मठावर १९४४ साली जे बॉम्ब पडले, त्या कामगिरीत तोही होता. त्याच्या कादंबरीत अणुयुद्धानंतर शेकडो वर्षांनी वाळवंटातल्या एका मठात साधू जुने कागद जपत बसले आहेत. अर्थ कोणाला कळत नाही. एक वाणसामानाची चिठ्ठी आणि एक यंत्राचा नकाशा एवढ्याला ते देव्हाऱ्यात ठेवल्यासारखे सांभाळतात. फ्रान्सिस नावाचा भाबडा साधू त्या नकाशाची सोनेरी वेलबुट्टीची नक्कल करण्यात पंधरा वर्षे घालवतो. वाटेत चोर गाठतात आणि तीच अस्सल समजून नक्कल घेऊन जातात. अस्सल नकाशा त्याच्यापाशी तसाच राहतो.

ही कादंबरी वाचून झाल्यावर ताईने मला न विचारता ती श्रीला पुण्याला धाडली. पंधरा दिवसांनी रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. ना नमस्कार, ना चमत्कार.

"दादा, बाबांच्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या तू रद्दीत घातल्यास ना?"

मी घातल्या होत्या. अडीच फूट लांबीच्या तीसचाळीस गुंडाळ्या माळ्यावर होत्या. कडा वाळवीने खाल्लेल्या, काही एकमेकींना चिकटलेल्या. रद्दीवाला खाली उभा होता. पाच मिनिटांचे काम.

"मला एक विचारायचं होतंस," श्री म्हणाला. "मी येऊन घेऊन गेलो असतो."

तीन वर्षे मी ज्याला पैशांचा राग समजत होतो, तो हा होता. मी काही सारवासारव करायला गेलो आणि गप्प बसलो. त्या साधूंना नकाशातले काही कळत नव्हते, तरी त्यांनी जपले. मला तर कोणाच्या हातचे आहे ते कळत होते. मी म्हटले, "चुकलं माझं, श्री." तो म्हणाला, "गेले ते गेलेच." पण फोन त्याने ठेवला नाही. त्या रात्री आम्ही फ्रान्सिसविषयी बारा वाजेपर्यंत बोलत होतो.

गेल्या वर्षी, २०२४च्या भाऊबीजेला, तो आला. ताईने दोघांना ओवाळले. फराळानंतर बाबांचा 'रामा' काढला, तेव्हा मधल्या पानांतून ट्रेसिंग कागदाची एक पट्टी पडली. एका बाजूला कुठल्याशा कप्पीचा अर्धा भाग, बाबांच्या सुबक अक्षरातली मापे; दुसऱ्या बाजूला आईच्या हातची यादी: तूरडाळ, गूळ, काडेपेटी. बाबांनी खूण म्हणून घातली असावी. मी ती उचलून श्रीच्या हातात दिली. त्याने कप्पी निरखून पाहिली. "माप बरोबर आहे," एवढेच म्हणाला आणि पट्टी पाकिटात ठेवली. बाकीच्या गुंडाळ्यांची त्याने भरपाई झाली असे मी म्हणणार नाही; तोही म्हणाला नाही.

'रामा' मग आम्ही तिघांनी पाळीपाळीने मोठ्याने वाचला. त्या यानात राहणाऱ्यांची एक रीत आहे, की ते प्रत्येक गोष्ट तीन-तीन करतात. ते पान आल्यावर श्री थांबला आणि म्हणाला, "बाबांनी हे तेव्हा सांगितलं नव्हतं." ताई म्हणाली, "सांगितलं होतं. तू झोपला होतास."

वाचकहो, सातांपैकी आमच्या दोन अजून राहिल्या आहेत. यंदा वाचायची कोणती, ते ठरवायची पाळी श्रीची आहे. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती जरूर उघडा. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी मात्र भावाबहिणीला एक फोन करा.