चिरोट्याचे पदर आणि मिठाची बॅटरी

परवा आमच्या बचत गटाच्या पापड केंद्रातली इन्व्हर्टरची बॅटरी बसली. जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली, तर त्यानं ती घरासमोरच फोडली. अ‍ॅसिड गटारात, शिशाचा चुरा अंगणात, आणि तिथंच त्याची पोरं खेळत होती! शिसं मुलांच्या मेंदूला घातक. माझी मलाच लाज वाटली.

माझी भाची रसायनशास्त्र शिकते. तिला फोन केला. म्हणाली, "मावशी, मिठातल्या सोडियमची बॅटरी येतेय. त्यात शिसं नाही." मी पडले कला शाखेची. म्हटलं, "मला कळेल असं सांग बाई."

"चिरोटा आठव. सोडियम, लोखंड, मँगनीज यांच्या ऑक्साइडला तसेच पदर असतात. पदरांमध्ये सोडियमचे कण बसतात. चार्ज करताना ते निघून पलीकडच्या कार्बनमध्ये जातात, वीज वापरली की परत पदरांत येतात."

मोबाइलमध्ये हेच काम लिथियम करतं. १९८० साली जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड वापरून दाखवलं. गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल विभागून मिळालं. पण कोबाल्ट बहुतांशी काँगोतून येतं, आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबतात. सोडियम मात्र मिठागरात मिळतं. मँगनीज तर आपल्या भंडारा-नागपूरच्या खाणींत आहे.

मग अडलंय कुठे? सोडियमचा कण लिथियमपेक्षा मोठा. त्याच्या ये-जा करण्यानं पदर फुगतात, सरकतात, हळूहळू तडकतात. शिवाय हे ऑक्साइड दमट हवेत पापडासारखं सादळतं. तेवढ्याच वजनात वीजही कमी मावते. म्हणून मॅग्नेशियम, टायटॅनियमची चिमूट घालून पदर टिकवायचे प्रयत्न चाललेत. पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं आयसर संस्थेच्या साथीनं डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. घरात एका जागी ठेवायच्या बॅटरीला थोडं वजन जास्त असलं तर बिघडलं कुठे?

आमच्या गावात ती अजून मिळत नाही. पापड थांबवता येत नाहीत, म्हणून पुन्हा शिशाचीच घेतली. पण आता जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्यायची, पावती घेऊन, असं गटात ठरलं. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवरच टाकलीय.

भंगारवाल्याची बायको आमच्याच गटात आहे. तिच्या दोन्ही मुलांचं रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट यायचाय.

तुमच्या घरची जुनी बॅटरी कुठे गेली, एकदा विचारा बरं!