शेडच्या कैचीचा जमाखर्च

आज पत्र्याच्या शेडच्या कैचीबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, ताई, हे वेल्डरचं काम, आपल्याला काय करायचंय? पण शेडमध्ये पैसा गटाचा जातो. त्याखाली कुणाच्या शेळ्या असतात, कुणाची दाळमिल, कुणाची सोयाबीनची पोती. वळवाच्या वाऱ्यात छप्पर गेलं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून पैसे देण्याआधी कैचीतला कोणता दांडा काय काम करतो, हे आपल्याला कळलं पाहिजे.

नेकनूरच्या बाजाराला याल तेव्हा एखाद्या शेडखाली उभं राहून वर बघा. दोन तिरके दांडे शेंड्याला मिळालेले, खाली एक आडवा, मध्ये एक उभा. ही झाली साधी कैची. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात मातीचं सगळं वजन तुळईवर यायचं आणि जड झालं की तुळई मध्ये वाकायची. कैचीत तसं होत नाही. वजन सांध्यावर आलं तर तिचा प्रत्येक दांडा एक तर दाबला जातो, नाहीतर ओढला जातो.

कैची त्रिकोणाचीच का? तीन काड्या टोकाला दोऱ्याने बांधा आणि ढकलून बघा. आकार हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो. त्याला एक तिरकी काडी लावली की दोन त्रिकोण होतात आणि तोही उभा राहतो.

आता कोणत्या दांड्यावर किती जोर येतो ते काढू. रीत आपल्या ओळखीचीच आहे. महिनाअखेरीला आपण जमा आणि खर्च जुळवतो, तसं इथे प्रत्येक सांध्यावर जुळवायचं. वर जाणारा जोर आणि खाली येणारा जोर सारखा, डावीकडचा आणि उजवीकडचा सारखा. जुळलं नाही तर सांधा जागेवर राहणारच नाही. पूर्वी सुतार-लोहार हे अनुभवाने ठरवायचे. अमेरिकेतले पूल बांधणारे स्क्वायर व्हिपल यांनी १८४७ साली असा हिशेब पुस्तकातून मांडला.

आपली शेड २४ फूट रुंद धरा. कैचीचा शेंडा ५ फूट उंच. मधोमधपासून भिंतीपर्यंत १२ फूट. मग तिरका दांडा बरोबर १३ फुटांचा होतो. शेंड्यावर १०० किलो वजन आलं असं समजू. दोन्ही भिंतींनी ते वाटून घेतलं, एकीला ५० किलो.

आता डाव्या भिंतीवरच्या सांध्याची वही उघडा. भिंत ५० किलोने वर रेटते. तेव्हा तिरक्या दांड्याने ५० किलोने खाली रेटलं पाहिजे. पण तो तिरका आहे. तो ५ वाटे खाली रेटतो, तर १२ वाटे बाहेरच्या बाजूला रेटतो. ५ वाटे म्हणजे ५० किलो, तर एक वाटा १० किलोचा. म्हणजे बाहेरचा रेटा १२० किलो, आणि दांड्याच्या लांबीच्या दिशेने दाब १३ वाटे, १३० किलो. हा १२० किलोचा रेटा अडवतं कोण? खालचा आडवा दांडा. तो दोन्ही बाजूंनी ओढला जातो, १२० किलोने.

बघा, वर ठेवले १०० किलो आणि खालच्या दांड्यावर ताण आला १२०. आता पत्रा वाचवायचा म्हणून शेंडा अडीच फुटांवर आणला तर? अडीच वाटे म्हणजे ५० किलो, एक वाटा २० किलोचा, आणि खालच्या दांड्यावर ताण २४० किलो. उंची निम्मी, ताण दुप्पट. छप्पर चपटं करून वाचवलेला पैसा जाड दांड्यात घालावा लागतो.

मधला उभा दांडा छप्पर तोलून धरतो असं वाटतं ना? त्याच्या खालच्या सांध्याचा हिशेब करा. डावीकडे १२०, उजवीकडे १२०, जुळलं. वर-खाली ओढणारं तिथे काहीच नाही. म्हणजे आपल्या या हिशेबात त्याच्यावरचा जोर शून्य! पण म्हणून तो काढायचा नाही. खालचा लांब दांडा लोंबू नये, वाकू नये, म्हणून तो लागतो. त्याच सांध्याला २० किलोचा पंखा टांगला, तर उभा दांडा २० किलोने ओढला जातो. दोन सांध्यांच्या मध्येच काही टांगलं, तर मात्र दांडा तुळईसारखा वाकतो.

आता वाऱ्याचं. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा एका चौरस मीटरला साधारण साडेचार किलो भरतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा तेवढ्याच जागेवर पंचेचाळीस किलोच्या वर दाब आणू शकतो, आणि छपरावरून जाताना तो पत्रा वर उचलतो. तेव्हा सगळा जमाखर्च उलटतो. तिरके दांडे ओढले जातात आणि खालचा आडवा दांडा दाबला जातो. खराट्याची लांब काडी दोन्ही टोकांनी ओढा, तुटत नाही. तीच दाबा, लगेच वाकते. तिचाच बोटभर तुकडा दाबा, तो टिकतो. म्हणून खालच्या दांड्याला सळई किंवा बारीक पट्टी चालत नाही, आणि त्याला मध्ये आधार लागतो.

तेव्हा वेल्डरदादांना पाच प्रश्न विचारा. शेंडा किती उंच ठेवणार? खालचा दांडा सळईचा की पाइप-अँगलचा? एका कैचीपासून दुसरीला तिरके ताण देणार का? कैची खांबाला आणि खांब पायाला नटबोल्टने कसा आवळणार? पंखा किंवा मालाची कप्पी कोणत्या सांध्याला टांगायची? पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. वादळात तेच दगड खाली येतात.

आणि एक. मशीन आत जात नाही, डोक्याला लागतं, म्हणून खालचा दांडा कापायला कधीच होकार देऊ नका. तो कापला की १२० किलोचा रेटा अडवायला कुणी उरत नाही, आणि खांब बाहेर फाकतात.

शेड मोठी असेल तर इंजिनिअरकडून नकाशा करून घ्या आणि तो गटाच्या फाइलला लावा. पुढच्या बैठकीला तीन काड्या आणि दोरा घेऊन या, सगळ्याजणी मिळून करून बघू.