आतून रंगणारी गाडी

रिमोट कंट्रोलवर धावणारी शर्यतीची छोटी मोटार पाहिली की प्रथम नजरेत भरतो तो तिचा रंग. बॉनेटवरून मागे झेपावणाऱ्या ज्वाळा, लालातून केशरीत आणि केशरीतून पिवळ्यात विरत जाणाऱ्या छटा, त्यांच्याभोवती केसासारखी बारीक काळी रेघ आणि या सर्वांवर काचेसारखी चकाकी. हा रंग गाडीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर नसतोच, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो दिलेला असतो आतल्या बाजूने. पारदर्शक बॉडीच्या पोटात चढवलेले रंगाचे थर आपण बाहेरून पाहत असतो.

या हौशी रंगकामात बारीक नक्षीसाठी वापरले जाणारे एक महत्त्वाचे साधन म्हणजे लिक्विड मास्क. ब्रशने लावायचा, वाळला की रबरी पापुद्र्यासारखा सोलून काढायचा द्रव, एवढेच त्याचे वर्णन करता येईल. परंतु या साध्या द्रवामुळे रंगवणाऱ्याला जसे मोकळे रान मिळते, तसाच एक धोकाही त्याच्या हाती येतो.

पत्र्यापासून बॉडीपर्यंत

जपानच्या शिझुओका शहरातील तामिया या कंपनीने 1976 साली आपली पहिली रिमोट कंट्रोल मोटार बाजारात आणली. पोर्शे 934 या शर्यतीच्या गाडीची ती प्रतिकृती होती आणि तिची बॉडी कडक प्लॅस्टिकची होती. अशी बॉडी बाहेरूनच रंगवली जाते. मात्र शर्यतीत वेग वाढला, धडका वाढल्या, तशी हलक्या आणि न फुटणाऱ्या बॉडीची गरज निर्माण झाली. ही गरज पॉलिकार्बोनेटने भागवली. 1953 साली जर्मनीत बायर कंपनीतील हर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल फॉक्स यांना स्वतंत्रपणे सापडलेले हे प्लॅस्टिक. त्याचे ‘लेक्सन’ हे व्यापारी नाव या छंदात इतके रुळले आहे की पारदर्शक बॉडीला सर्रास ‘लेक्सन बॉडी’ म्हटले जाते.

पॉलिकार्बोनेटचा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा पत्रा तापवून मऊ करतात, साच्यावर पसरतात आणि खालून हवा शोषून घेतात. पत्रा साच्याला घट्ट चिकटतो व गार झाल्यावर मोटारीचा आकार घेतो. ही बॉडी भिंतीवर आदळली तरी दबते आणि पुन्हा पूर्ववत होते. बाहेरून दिलेला रंग पहिल्याच घसपटीत खरवडला गेला असता. आतून दिलेल्या रंगाला बॉडीचेच संरक्षण मिळते. ओरखडे प्लॅस्टिकवर उमटतात, रंग शाबूत राहतो.

सारेच उलटे

आतून रंगवायचे म्हणजे सारा क्रमच उलटा होतो. भिंत किंवा खरी मोटार रंगवताना शेवटचा हात डोळ्यांना दिसतो. येथे दिसतो तो पहिला. जी रेघ सर्वांत पुढे दिसायला हवी ती आधी रंगवायची, पार्श्वभूमी शेवटी. काचेच्या मागून रंगवलेल्या जुन्या चित्रांची रीतही हीच. आकडे आणि अक्षरेही आतून उलटी काढावी लागतात, तरच ती बाहेरून सुलटी वाचता येतात.

या उलट्या क्रमाला दुरुस्तीची सोय जवळजवळ नसते. भिंतीवर चुकलेल्या जागी पुन्हा हात मारता येतो. बॉडीच्या आत मात्र दुसरा हात पहिल्याच्या मागे लपतो. म्हणूनच कोणता भाग कधी उघडा करायचा आणि कोणता झाकून ठेवायचा, यावर या कामाचे यश अवलंबून असते.

भाग झाकण्यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे मास्किंग टेप. सरळ पट्ट्यांसाठी ती उत्तम. परंतु चाकांवरची गोलाई, बॉनेटवरचे उंचवटे, हवेसाठी ठेवलेल्या खाचा अशा ठिकाणी टेपला सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुतीखालून रंग आत शिरतो. द्रवाला ही अडचण येत नाही. तो प्रत्येक वळणावर आणि खाचेत सारख्याच सहजतेने बसतो. जलरंगात काम करणारे चित्रकार कागदाचा पांढरा भाग राखण्यासाठी जो मास्किंग फ्लुइड वापरतात, त्याचाच हा भाऊबंद. बाटिकमध्ये मेण जे काम करते, तेच येथे हा पापुद्रा करतो.

पापुद्र्याची जाडी

सुरुवात होते ती स्वच्छतेपासून. साच्यातून निघालेल्या बॉडीवर तेलकट अंश असू शकतो. भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाने आणि कोमट पाण्याने ती धुवून पूर्ण वाळवावी लागते. त्यानंतर आतल्या बाजूला बोटेही लावू नयेत, असा अनुभवी मंडळींचा कटाक्ष असतो. बहुतेक बॉडींच्या बाहेरील बाजूस संरक्षक प्लॅस्टिक फिल्म असते. ती शेवटपर्यंत तशीच ठेवायची. नक्षीचे रेखाटन मार्करने या फिल्मवरच केले जाते. ते आतून आरपार दिसते आणि आपोआप उलटे होऊन मिळते.

मग आत लिक्विड मास्कचे थर द्यायचे. एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर देणे आणि प्रत्येक थर वाळू देणे हितावह. द्रव उताराकडे धावतो, कोपऱ्यात साचतो. साचलेला भाग वरून वाळलेला दिसतो, आत मात्र ओला राहतो. यासाठी बॉडी फिरवत राहावी लागते आणि जास्तीचा द्रव ओघळून काढावा लागतो. शेवटचा थर दिल्यावर रात्रभर थांबणे उत्तम. ओला असताना दुधी दिसणारा थर वाळला की पारदर्शक होतो, ही तयारीची खूण.

ही जाडी महत्त्वाची ठरते ती दोन कारणांनी. पापुद्रा पातळ असला तर सोलताना सायीसारखा तुटतो आणि तुकडा-तुकडा उकरून काढावा लागतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पापुद्रा पुरेसा जाड असला, तरच कटरचे पाते त्यातच थांबते.

खरा धोका पात्याचा

नक्षी कापण्यासाठी नवे, टोकदार पाते लागते. बोथट पाते कापत नाही, ओढते. मग हाताचा दाब वाढतो आणि पाते पापुद्र्यातून थेट पॉलिकार्बोनेटमध्ये उतरते. कापताना दाब अगदी हलका हवा, पात्याने फक्त पापुद्रा चिरायला हवा.

पॉलिकार्बोनेट आघात सोसण्यात विलक्षण चिवट आहे, परंतु धारदार खाचेपुढे ते हार मानते. धडकेचा ताण एरवी साऱ्या बॉडीवर विखुरतो. खाच असेल तर तो तिच्या तळाशी एकवटतो आणि तेथूनच तडा जातो. ज्वाळेच्या डौलदार वळणावर खोल गेलेला कटर त्या दिवशी काहीच दाखवत नाही. पुढे एखाद्या शर्यतीत मात्र बॉडी नेमकी त्याच वळणावरून फाटते. अनेक संध्याकाळींची मेहनत रंगामुळे नव्हे, एका रेघेमुळे वाया जाते. भिंतीला न घाबरणारी बॉडी पात्याला मात्र घाबरते, ते यामुळेच.

रंगांची निवडही याच कारणाने जपून करावी लागते. काही रंगांमधील तीव्र द्रावके पॉलिकार्बोनेटला बारीक तडे पाडतात, तर साधे रंग बॉडी वाकली की पोपडे होऊन गळतात. म्हणून लवचिक राहणारे, खास पॉलिकार्बोनेटसाठी बनवलेले रंगच घ्यावेत. तामियाच्या स्प्रे रंगांत ‘पीएस’ मालिका पॉलिकार्बोनेटसाठी, तर ‘टीएस’ मालिका कडक प्लॅस्टिकसाठी आहे. त्यांची अदलाबदल करू नये.

ज्वाळा कशी उमटते

निळ्या गाडीवर ज्वाळा काढायच्या असतील तर सारी नक्षी रंग लावण्यापूर्वीच कापून घेतात. प्रथम फक्त बाह्यरेषेचा पापुद्रा काढून तेथे काळा रंग फवारतात. मग ज्वाळांचा आतला भाग उघडा करून टोकांना लाल, त्यानंतर केशरी आणि शेवटी सगळीकडे पिवळा. पिवळा रंग तसा पारदर्शक, म्हणून त्याच्या मागे पांढऱ्याचा हात द्यावाच लागतो. तो दिला नाही तर मागून येणारा निळा पिवळ्यात डोकावतो आणि ज्वाळा हिरवट दिसते. शेवटी उरलेला पापुद्रा काढून निळा. खिडक्यांवरील पापुद्रा सर्वांत शेवटी निघतो. गडद रंग आधी आणि फिके नंतर, हा या कामाचा ढोबळ नियम.

पहिला हात धुक्यासारखा विरळ हवा. ओला, जाड हात पापुद्र्याच्या कडेखाली झिरपतो. शिवाय रंगाचा जाड थर कडेवरून पापुद्र्यावर पूल बांधतो आणि सोलताना नक्षीची कडही उचकटतो. म्हणून पापुद्रा कडेपासून दूर, दुमडून, सावकाश ओढावा. रंग दिल्यानंतर तो आठवडेच्या आठवडे तसाच ठेवणेही बरे नव्हे, कारण जुना झालेला पापुद्रा निघता निघत नाही.

मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत पाण्यावर आधारित हा द्रव वाळायला बराच वेळ घेतो, स्प्रे रंगावर पांढुरकी झाक येण्याची भीतीही असते. अशा दिवसांत घाई टाळणे शहाणपणाचे. स्प्रे रंगांच्या वाफा अपायकारक आणि ज्वालाग्राही असतात. खेळती हवा, वाफा अडवणारा श्वसनाचा मास्क आणि जवळपास ज्योत नसणे, या तीन गोष्टींत तडजोड नको.

सर्व थर वाळल्यावर बाहेरची संरक्षक फिल्म सोलली जाते आणि तोवर फिल्मखाली मंद दिसणारे रंग लख्ख उजळतात. केलेले काम रंगवणारा तेव्हा प्रथमच नीट पाहतो. चूक झाली असेल तर तीही तेव्हाच दिसते, पण हात फिरवण्याची वेळ टळून गेलेली असते. कटरची खोल रेघ तर तेव्हाही दिसत नाही. ती दिसते पहिल्या मोठ्या धडकेनंतर.