बोले ठरावाचे बोले

महाडच्या सत्याग्रहावर आपण दरवर्षी मार्च महिन्यात व्याख्याने देतो आणि त्या प्रत्येक व्याख्यानात 'बोले ठराव' हे दोन शब्द येऊन जातात. मागे वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, बोले ठराव म्हणजे तोंडी ठराव का?" वर्ग हसला. पण दोष त्या पोराचा नव्हे. ठराव आपण पाठ केला आणि तो मांडणारा आमदार विसरलो. (त्या काळी 'आमदार' म्हणत नसत, 'कौन्सिलर' म्हणत. पण काम तेच.)

रावबहादूर सीताराम केशव बोले हे मुंबईचे, जातीने भंडारी. अस्पृश्य नव्हेत आणि ब्राह्मणही नव्हेत. १९०९ च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 'कामगार हितवर्धक सभा' उभी राहिली, तिच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्याही आधी, १९०७ साली, मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या सत्काराची सभा भरली आणि तिथे केळुसकर गुरुजींनी स्वतःचे बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालविलेल्या किंवा सरकारने नेमलेल्या, कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांकडे असलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी ही शिफारस होती. 'शिफारस' या शब्दावर कार्यकर्त्यांनी थांबावे असे मला वाटते. १९१९ च्या सुधारणांनी आलेल्या कौन्सिलचा ठराव हा कायदा नव्हता. सरकारने तो मानावा किंवा न मानावा. मानला तरी किती, हेही सरकारनेच ठरवायचे.

सरकारने तो अर्धा मानला. ११ सप्टेंबर १९२३ च्या आदेशाने सरकारी खात्यांच्या प्रमुखांना सांगितले की, सरकारी मालकीच्या जागांपुरता ठराव अमलात आणा. म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांना फक्त सल्ला द्यायचा होता, की ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे का याचा विचार करा. आणि गावचे पाणी कोणाच्या ताब्यात? बहुतेक ठिकाणी याच संस्थांच्या. म्हणजे जिथे तहान होती तिथे सल्ला पोचला. हुकूम पोचला तो कचेरीच्या व्हरांड्यापर्यंत.

बोल्यांना हे कळत होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव मांडला : पहिल्या ठरावाची अंमलबजावणी नाकारणाऱ्या म्युनिसिपालट्या व लोकल बोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये. हा दुसरा ठराव आपल्या लिखाणात क्वचित येतो. मला मात्र बोले समजतात ते इथेच. स्थानिक संस्था सुधारणेच्या प्रवचनाने हलत नाही, हिशेबाने हलते, हे त्या माणसाने कौन्सिलात बसून ओळखले होते. त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा वाद झाला. तिथेही प्रबोधनकार ठाकरे आणि बोले यांचा मुद्दा तोच होता : उत्सव सार्वजनिक, वर्गणी सर्वांची, मग पूजेला अस्पृश्य का नको? गणपतीच्या पूजेने कोणाचा उद्धार होणार हा प्रश्न वेगळा, आणि माझे उत्तर वाचकांना ठाऊक असेलच. पण युक्तिवाद पाहा. वर्गणी असो की कर, ज्याचा पैसा त्यात आहे त्याचा हक्क त्यात आहे.

महाड हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले गाव. तिथल्या म्युनिसिपालटीने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. तीन वर्षे तळे कागदावर खुले राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग मारझोड झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि म्युनिसिपालटीने आपला १९२४ चा ठराव रद्द केला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी. कौन्सिलच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळवला. दावा चालत चालत मुंबई हायकोर्टात गेला आणि १९३७ च्या मार्चमध्ये आपल्या बाजूने निकाल लागला. दहा वर्षे! त्यातही निकालाचा पाया समतेचा नव्हता. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. उद्या एखाद्या गावाला अशी वहिवाट सिद्ध करता आली असती तर? हा प्रश्न निकालाने उघडाच ठेवला.

बोले ठरावाने पाणी मिळाले नाही, म्हणून तो फुकट होता, असे आमचे काही तरुण मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. महाडला गेलेली माणसे चोरून पाणी प्यायला गेली नव्हती. हक्क मान्य झालेला आहे आणि तो आम्ही बजावतो आहोत, असे त्यांना जाहीरपणे म्हणता आले, ते या कागदाच्या बळावर. पण उलट बाजूचे, ठराव झाला म्हणून सत्याग्रह झाला, असे म्हणणारे सुधारकही मला मान्य नाहीत. बोल्यांचा प्रश्न सार्वजनिक पैशाचा होता. बाबासाहेबांनी महाडला तो माणूसपणाचा केला : तळ्याचे पाणी प्यालो नाही तर आम्ही मरू असे नाही, इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करायला आम्ही जातो आहोत. ही झेप कौन्सिलच्या कामकाजात बसणारी नव्हती.

तरीही हिशेबाचा तो धागा तुटला नाही. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाचे कलम १५, पोटकलम (२) उघडून पाहावे. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांबाबत जातीच्या कारणावरून कोणावरही बंधन घालता येणार नाही, असे तिथे लिहिले आहे. शिफारस संपली, हक्क आला. गावच्या नळावर किंवा समाजमंदिरात आजही कोणाला अडवले जाते, तेव्हा आमचे कार्यकर्ते आधी कलम १७ कडे धावतात. ते योग्यच आहे. पण त्याबरोबर ग्रामपंचायतीचे दप्तर मागावे, आणि त्या नळासाठी कोणत्या वर्षी, कोणत्या योजनेतून, किती रुपये आले ते उतरवून घ्यावे.