खुपऱ्या आणि तांब्याभर पाणी

गेल्या वैशाखात मंडणगड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर आम्ही नेत्रतपासणी ठेवली होती. अंगणात एक आजी छोट्या चिमट्याने स्वतःच्या पापणीचे केस उपटत बसल्या होत्या. "ताई, टोचतात. उपटले की चार दिवस बरं वाटतं," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली. आत पांढरे वण होते. लहानपणी वारंवार झालेल्या खुपऱ्यांची ती खूण.

खुपऱ्या हा जिवाणूमुळे होणारा संसर्गजन्य रोग. बोटांवरून, एकाच फडक्यावरून आणि चिपडांवर बसणाऱ्या माशीवरून तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. तो पुन्हा पुन्हा झाला की वणांमुळे पापणी आत वळते, केस बुबुळाला घासतात, फूल पडते आणि दृष्टी जाते.

या रोगावरचे मोलाचे संशोधन पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या चिमुकल्या देशातल्या खेड्यांत झाले. पूर्वी टेट्रासायक्लिनचे मलम सहा आठवडे घालावे लागे. मुले रडत आणि उपचार अर्धवट राही. अॅझिथ्रोमायसिनची एकच मात्रा तितकीच गुणकारी असल्याचे तिथल्या चाचणीने १९९३ साली दाखवले. डोळ्यांवर बसणारी माशी उघड्यावरच्या विष्ठेत वाढते, शौचालयाच्या खड्ड्यात नाही, हेही तिथेच उमगले. म्हणून आज उपाय चार मानतात: वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, औषध, स्वच्छ चेहरा आणि स्वच्छ परिसर. याच वाटेने घाना २०१८ मध्ये आणि गांबिया २०२१ मध्ये या संकटातून बाहेर पडले.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतालाही तसेच जाहीर केले. मग या आजी? सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून रोग संपला, तरी जुने वण राहतातच. अशा म्हाताऱ्या माणसांना शोधावे लागते.

वाडीतल्या एका आईने विचारले, "उन्हाळ्यात दोन हंडे पाणी मिळतं, त्यात तोंडं कशी धुवायची?" आम्ही तांब्या घेतला आणि त्यातल्या पाण्यात तिच्या तिन्ही मुलांची तोंडे धुतली. पाणी उरले.

आजींना पापणीची छोटी शस्त्रक्रिया सुचवली आहे. भूल फक्त पापणीपुरती, हे ऐकून त्या तयार झाल्या. तुमच्या पाहण्यातही कुणी पापणीचे केस उपटत असेल, तर त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जा. चिमट्याने दुखणे थांबते, अंधत्व थांबत नाही.